वंशश्रेणीची कल्पना व गुन्हेगार जमाती

मानवसमूहांत जन्मतःच उच्चनीच भेद असतात, वर्ण, नाकाची ठेवण, कवटीचा आकार यांसारख्या शारीरिक लक्षणांवरून ते ओळखता येतात आणि या लक्षणांबरोबरच बुद्धी, शील व स्वभाव हेही पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातात, या समजुतीस वंशश्रेणीची कल्पना असे म्हणता येईल. या कल्पनेच्या आधारे एखाद्या अल्पसंख्य समूहास हीन लेखणे, त्याचे हक्क नाकारणे वा त्याच्यावर कायमची पाळत ठेवणे म्हणजे वंशवाद होय. अमेरिकेतील निग्रोंची गुलामगिरी, जर्मनीतील ज्यूंचा संहार आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषी राजवट ही वंशवादाची उदाहरणे मराठी वाचकास परिचित आहेत. त्या मानाने त्याचा जो आविष्कार महाराष्ट्राच्या माळरानांवर झाला व अद्याप पुरता ओसरलेला नाही, त्याची माहिती कमी आढळते. जन्मजात गुन्हेगारीची कल्पना हा तो आविष्कार. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार मुख्यतः अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा व तेथील पारधी जमात यांच्या अनुषंगाने केला आहे.

वर्णावरून माणसास हिणविण्याची प्रवृत्ती या प्रदेशास नवी नाही. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (मृ. १६२६) हा जन्माने हबशी असून गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत आला. मोगल बादशाह जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख त्याच्या काळ्या वर्णावरून शिवीगाळ केल्याखेरीज क्वचितच करतो. रणांगणात जे साधले नाही, ते त्याने चित्रात साधून घेतले : अबुल हसन या दरबारी चित्रकाराने बादशाह मलिक अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडीत असल्याचे चित्र काढले आहे. तथापि येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. हा तिरस्कार शत्रूचा होता. त्यामागे कोणतेही शास्त्र नव्हते, आणि त्याने मलिक अंबरला निजामशाहीचा कारभार एक चतुर्थ शतकाच्या सुमारास हाती ठेवण्यापासून रोखले नाही. तिरस्कारास शास्त्राचे व पुढे कायद्याचे पाठबळ मिळाले, ते एकोणिसाव्या शतकात.

फ्रेंच लेखक गोबिनो याने १८५३–५५ मध्ये मानववंशांच्या विषमतेवर प्रबंध प्रसिद्ध करून श्वेतवर्णीयांना शिडीच्या वरच्या पायरीवर बसविले. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टनने सुप्रजननशास्त्राची कल्पना मांडली. तर लॉम्ब्रोसो या इटालियन वैद्याने १८७६ मध्ये गुन्हेगार हा घडत नसून जन्मतो व तो चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखता येतो, असे प्रतिपादन केले. हिंदुस्थानात या विचारास हर्बर्ट रिस्ली या अधिकाऱ्याने मोजपट्टीची जोड दिली. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त असलेल्या रिस्लीने नासानिर्देशांकावर, म्हणजे नाकाची रुंदी व उंची यांच्या प्रमाणावर, विशेष भर दिला. जातीचे सामाजिक स्थान जितके वरचे, तितके तिच्या लोकांचे नाक निमुळते, असे त्याचे अनुमान होते. जनगणनेत जातींची सामाजिक अग्रक्रमानुसार मांडणी होऊ लागली, तेव्हा वरचे स्थान मिळावे म्हणून सरकारकडे अर्जांची रीघ लागली. ज्यांना अर्ज लिहिता येत नव्हते, त्यांचे स्थान अर्थातच इतरांनी ठरविले.

कायद्याची घडण : लॉम्ब्रोसोचा ग्रंथ निघण्यापूर्वी पाच वर्षे, १८७१ साली, हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा संमत केला, ही गोष्ट उद्बोधक आहे. या कायद्यास आधार लागला तो युरोपीय शास्त्राचा नव्हे, तर येथील जातिव्यवस्थेविषयी राज्यकर्त्यांनी करून घेतलेल्या समजाचा. विधेयक जेम्स फिट्झजेम्स स्टीव्हन या विधिसदस्याच्या कारकीर्दीत मांडले गेले. त्यामागील युक्तिवाद साधा होता : या देशात सुताराचा मुलगा सुतार व विणकराचा विणकर होतो, तेव्हा येथे चोराचा मुलगा चोरच होणार. परंपरागत व्यवसाय आणि आनुवंशिक स्वभाव यांची ही गल्लत पुढील ऐंशी वर्षांच्या धोरणाचा पाया ठरली. तिच्यात आपल्या समाजाचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. माणसाचे कर्म त्याच्या जन्मावरून ठरते ही शिकवण परक्या अधिकाऱ्यांना येथे आयतीच मिळाली, आणि गावोगावच्या वतनदारांनी व सावकारांनी कायद्याचे स्वागतच केले.

प्रारंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १८७६ मध्ये तो बंगालला व १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्यात आला. १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात, टोळी वा वर्ग सातत्याने गुन्हे करतो, असे सरकारला वाटल्यास तिला अधिसूचनेने गुन्हेगार जमात घोषित करता येई व या घोषणेची वैधता कोणत्याही न्यायालयात तपासता येत नसे. त्यानंतर जमातीतील व्यक्तींची नोंदवही तयार होई, बोटांचे ठसे घेतले जात. ठरावीक वेळी, काही ठिकाणी रात्रीसुद्धा, पोलिसांपुढे वा गावच्या पाटलापुढे हजेरी द्यावी लागे. आणि परगावी जावयाचे तर परवाना घ्यावा लागे. ठरावीक गुन्ह्यांबद्दल पुन्हा शिक्षा झाल्यास ती इतरांपेक्षा कितीतरी कडक असे.

या यंत्रणेची खरी मेख तिच्या वर्तुळाकार तर्कात होती. हजेरी चुकली की तोच गुन्हा. परवान्यावाचून शेजारच्या गावी आजारी बहिणीला भेटावयास गेले, तरी गुन्हाच. अशा शिक्षा जमातीच्या खात्यावर जमा होत आणि वर्षअखेरच्या पोलिसी अहवालात तिचे गुन्ह्यांचे प्रमाण मोठे दिसे. मग तोच आकडा कायदा चालू ठेवण्यास पुरावा म्हणून पुढे केला जाई. गुन्हा न करताही गुन्हेगार ठरविणारा हा कायदा आपल्या समर्थनार्थ लागणारे गुन्हेगार स्वतःच निर्माण करीत असे.

अहमदनगर जिल्ह्यातील दोन उठाव : एकाच प्रकारच्या कृत्याकडे सरकार कर्त्याचा जन्म पाहून कसे पाहते, हे समजण्यास या जिल्ह्याचा इतिहास विशेष उपयुक्त आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा दंगा उसळला व तो लवकरच अहमदनगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरला. कुणब्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जखते जाळली. सरकारने पुष्कळांना अटक केली. परंतु त्याचबरोबर चौकशी आयोग नेमला, कर्जबाजारीपणा, साऱ्याची आकारणी व कापसाच्या भावातील घसरण यांची कारणमीमांसा केली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. म्हणजे कुणब्याच्या दंग्याला कारणे होती. याच जिल्ह्याच्या अकोले भागात तीस वर्षांपूर्वी देवगावच्या राघोजी भांगरे याच्या नेतृत्वाखाली महादेव कोळ्यांनी त्याच सावकारशाहीविरुद्ध व सरकारविरुद्ध उठाव केला होता. राघोजीला १८४८ मध्ये ठाणे येथे फाशी देण्यात आले आणि सरकारी लेखनात हा उठाव मुख्यत्वे दरोडेखोरीच्या सदरात जमा झाला. १८५७ नंतर भागोजी नाईकाच्या नेतृत्वाखाली याच परिसरात लढलेल्या भिल्लांची गतही तीच झाली. शेतकऱ्याच्या बाबतीत परिस्थिती दोषी आणि कोळी–भिल्लाच्या बाबतीत रक्त दोषी, असा हा न्याय होता.

१८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ही दृष्टी स्पष्ट दिसते. त्यात लोकसंख्येची विभागणी ब्राह्मण, व्यापारी, शेतकरी, कारागीर अशी करीत जाऊन भिल्ल, कैकाडी, रामोशी इत्यादींसाठी अस्थिर जमातींचे वेगळे सदर केले आहे. जमातीचा वर्ण, अंगलट, कष्टाळूपणा, स्वच्छता व प्रामाणिकपणा यांविषयीचे निर्णय एकेका वाक्यात देण्याची त्या काळच्या गॅझेटियरांची पद्धत होती. माहितीचा खजिना म्हणून या ग्रंथांचे मोल मोठे आहे. पण त्यांतील स्वभाववर्णने अभ्यासक आजही जशीच्या तशी उतरवून घेतात, हे खेदजनक होय. मुंबई इलाख्याचे पोलिस अधिकारी मायकेल केनेडी यांनी १९०८ मध्ये इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर पुस्तक लिहिले. अशा पुस्तकांत जमातींचे वर्णन वेश, बोली, देवदेवता व गुन्ह्याची रीत अशा क्रमाने येते. देवपूजा आणि घरफोडी शेजारी शेजारी मांडल्याने दोन्ही सारख्याच परंपरागत वाटू लागतात.

पारधी : पारधी हे मूळचे शिकारी. फासे पारधी, राजपारधी, हरणशिकारी, चित्ता पारधी, टाकणकार इ. त्यांचे पोटभेद असून त्यांची बोली गुजराती–राजस्थानी वळणाची आहे. फासे पारधी तित्तर, लावे, ससे व हरणे फाशांत धरीत. शिकवून तयार केलेल्या बैलाच्या वा गाईच्या आडोशाने काळविटांच्या कळपापर्यंत पोहोचण्याचे त्यांचे कसब प्रसिद्ध होते. चित्ता पारधी संस्थानिकांच्या पदरी चित्ते पाळून काळविटांची शिकार घडवून आणीत. अहमदनगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यांत, जी विस्तीर्ण गवताळ माळराने होती, ती या लोकांची उपजीविका होय. गावकरी शेतकऱ्यासही त्यांचा उपयोग होई. कारण हरणांचे कळप उभी ज्वारी फस्त करीत. पारध्याकडून मांस व पाखरे घेणे आणि रात्री त्याच्यापासून गोठा राखणे, असा दुहेरी संबंध गावाने ठेवला होता.

हा संबंध तुटण्यास नैतिक अधःपाताचे कारण शोधण्याची गरज नाही. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव झाली, पडीक माळ लागवडीखाली आले, बंदुकांनी हरणे कमी केली. १८७६–७७ च्या दुष्काळात या जिल्ह्याची जी वाताहत झाली, तीत जमीन नसलेल्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. पुढे स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हाच गुन्हा झाला. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत आणि १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य घोषित करण्यात आले. वन्यजीवांचे रक्षण आवश्यकच होते. परंतु ज्यांचा या प्राण्यांच्या सवयींचा अभ्यास पिढीजात होता, त्या लोकांना रक्षक म्हणून सामावून घेण्याचा विचार त्या वेळी फारसा झाला नाही. ज्या माळावर पारध्याचा आजा काळवीट धरीत असे, तेथे नातू उभा राहिला तरी संशयित ठरू लागला.

वसाहती : १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींसाठी वसाहती उभारण्यात आल्या. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग, बारामती इ. ठिकाणच्या वसाहती त्यांपैकी होत. ओ. एच. बी. स्टार्ट हा अधिकारी त्यांचा प्रमुख होता. सोलापूरची वसाहत तारेच्या कुंपणाने वेढलेली होती व तेथील लोकांना कापडगिरण्यांत कामास पाठविले जाई. वसाहतींचा घोषित हेतू सुधारणेचा होता. त्यांत शाळा होत्या, दवाखाने होते आणि स्टार्ट यांची या लोकांविषयीची कळकळ खोटी म्हणता येणार नाही. त्यांच्याच अध्यक्षतेखालील १९२८–३० च्या मागासवर्गीयविषयक समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्कर बाप्पा हे सदस्य होते. तथापि सुधारणेच्या नावाखाली मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याची तरतूद कायद्यात होती, कारण दोष रक्तात वा निदान आईच्या दुधात आहे, ही मूळ धारणा सुटली नव्हती. गिरण्यांना स्वस्त व पळून जाऊ न शकणारे मजूर मिळत, ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही. सोलापूरचे रहिवासी अद्याप त्या भागास ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात.

शास्त्रीय खंडन : वंशश्रेणीच्या शास्त्रीय दाव्यांचे खंडन करण्यात महाराष्ट्रातील अभ्यासकांचा वाटा मोठा आहे. इरावती कर्वे १९२७–३० या काळात बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. युरोपीयांच्या कवटीतील असमरूपता इतर वंशांहून निराळी व त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाची निदर्शक असते, हे फिशरचे गृहीतक. कवट्यांची मोजमापे घेऊन कर्वे यांनी असा वांशिक भेद आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. याच फिशरने पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणास शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे पाहता एका परदेशी विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्याच प्रयोगशाळेत दाखविलेला हा सचोटीपणा असामान्य म्हटला पाहिजे. पुढे डेक्कन कॉलेजात वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील जातींची मानवमितीय पाहणी १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लीच्या आकडेवारीची फेरतपासणी करून नासानिर्देशांक व जातीचे स्थान यांचा त्याने कल्पिलेला संबंध बहुतेक प्रांतांत टिकत नाही, असे दाखविले. आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हीच मोजमापे वापरून ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशाने भिन्न नाहीत, असे सिद्ध केले. जातिभेदाचे मूळ वंशात नाही, म्हणून त्यास निसर्गाचा आधारही नाही, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार. जवाहरलाल नेहरूंनी वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांतावर व ब्रिटिश अंमलातील त्याच्या आचरणावर कठोर टीका केली, ती अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना १९४४ मध्ये लिहिलेल्या भारतशोधविषयक ग्रंथात. युनेस्कोने १९५० मध्ये वंशविषयक निवेदन प्रसृत केले. आणि १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन याने मानवी जननिक विविधतेपैकी सु. ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या अंतर्गतच असते, असे दाखवून दिले. स्वभाव वा गुन्हेगारी यांची जमातवार आनुवंशिकता मानण्यास त्यानंतर कोणताही आधार उरला नाही.

जात म्हणजे वंश की नाही, हा वाद मात्र चालूच आहे. २००१ च्या दरबान परिषदेत भारत सरकारने जातीचा अंतर्भाव वंशभेदात करण्यास विरोध केला, तर संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने २००२ मध्ये कुलजन्मावर आधारलेला भेदभाव त्यात मोडतो, असा अभिप्राय दिला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा वाद जीवशास्त्राच्या अंगाने सोडविण्यात अर्थ नाही. जैविक वंश ही संकल्पनाच जेथे ढासळली, तेथे वागणुकीची रीत पाहावी : जन्मावरून स्वभाव ठरविला जातो का आणि ठरविलेला स्वभाव पुसून टाकण्याचा मार्ग व्यक्तीस उरतो का? गुन्हेगार जमातींच्या बाबतीत दोन्ही उत्तरे वंशवादाशी जुळतात.

कायदा गेल्यानंतर : मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये व देशात सर्वत्र ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु त्याच सुमारास प्रांतोप्रांती सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. त्यांत जमातीऐवजी व्यक्तीचा उल्लेख असला, तरी नोंदवही, हजेरी व हालचालींवरील निर्बंध हा साचा ओळखीचाच होता. पोलिस ठाण्यातील जुन्या नोंदी जळाल्या नाहीत, आणि परिसरात चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालांकडे जाण्याची सवयही गेली नाही.

महाराष्ट्रात १९६१ च्या थाडे समितीच्या अहवालानंतर १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती मान्य करण्यात आल्या. फासे पारधी अनुसूचित जमातींत, तर राजपारधी व पालपारधी विमुक्त जातींत आहेत. याचा परिणाम असा की, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण एकास मिळते व एकाच ओढ्याकाठी पाल ठोकलेल्या दुसऱ्यास मिळत नाही. गावकऱ्याला व हवालदाराला हा फरक मुळीच ठाऊक नसतो. त्यांच्या लेखी दोघेही पारधीच. कायद्याचे संरक्षण असूनही निभाव लागतोच असे नाही. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २०१४ मध्ये दलित समाजातील एका शाळकरी मुलाची दिवसाढवळ्या हत्या झाली. साक्षीदार फितूर झाल्याने २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले.

संशय किती प्राणघातक ठरू शकतो, हे अलीकडच्या दोन प्रकरणांवरून दिसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढे परिसरातील भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी होते. दुसरे प्रकरण न्यायालयीन आहे. २००३ च्या एका दरोडा व हत्येच्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना दोषी ठरविण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. तेच न्यायालय ५ मार्च २०१९ रोजी त्यांना निर्दोष ठरवून, त्यांना गुन्ह्यात गोवण्यात आले होते, असे म्हणाले व प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तोवर त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे गेली होती.

समाजाच्या आतील दोषांचीही नोंद घ्यावयास हवी. जातपंचायतींचा जाच, विशेषतः स्त्रियांवरील, कठोर आहे. आणि चोरीवर पोट भरणारी कुटुंबे मुळीच नाहीत, असा दावा या जमातींचे कार्यकर्तेही करीत नाहीत. लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या व भीमराव गस्ती यांचे बेरड (दोन्ही १९८७) या आत्मकथनांचे बळ याच निःसंकोच कबुलीत आहे. उचल्यातील मुलगा शाळेत जातो म्हणून त्याचेच लोक धास्तावतात, हा प्रसंग परिस्थितीचे स्वरूप कोणत्याही समितीच्या अहवालापेक्षा अधिक चांगले उलगडतो. अहवाल पुष्कळ झाले : बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाचा २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते आयोगाचा त्यानंतर दशकभराने.

न्यायालयांनी अलीकडे या प्रश्नाकडे अधिक लक्ष दिलेले दिसते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये पोलिसांच्या गुन्हेनोंदपत्रकांत मागास समाजांतील निरपराध व्यक्तींची नावे यांत्रिकपणे घातली जाऊ नयेत, असे राज्यांना बजावले. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने तुरुंगांतील जातवार कामवाटपाचे नियम व कारागृह नियमपुस्तिकांतील विमुक्त जमातींना स्वभावतः गुन्हेगार मानणारे उल्लेख घटनाबाह्य ठरविले आणि या जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही म्हटले. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी नियमपुस्तिकांतून हे शब्द काढावे लागले.

दरम्यान गायरानावरील पालात जन्मलेल्या मुलास शाळेतील सवलत वा घरकुल मिळण्यासाठी जातीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात तो मिळविण्यास अनुसूचित जमातींनी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा व विमुक्त जाती–भटक्या जमातींनी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा दाखवावा लागतो. ज्यांना कोणत्याही गावाने तीन दिवसांपेक्षा अधिक राहू दिले नाही, त्यांच्या आजोबांचे नाव त्या काळच्या सातबाऱ्यावर वा शाळेच्या पटावर नसते. ते असलेच तर बहुधा हजेरीच्या नोंदवहीत सापडते.